सैनिक-सल्ला : मांडीतलं लोखंड

(माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांच्या प्रश्नांचं सदर. उत्तर देणारे गृहस्थ सैनिकांच्या सेवेची कागदपत्रं ठेवणाऱ्या एका रेकॉर्ड ऑफिसातून सुभेदार (क्लार्क) म्हणून निवृत्त झाले आहेत. पत्रलेखकांची नावं छापली जात नाहीत.)

प्रश्न

सुभेदारसाहेब, जय हिंद.

मी तोफखान्यातून १९८७ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. वय ७५. गाव पुरंदर तालुक्यात, हल्ली मुलाकडे धनकवडीत असतो. गेल्या पावसाळ्यात गुडघा फारच धरला म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. मशीनपाशी नेण्याआधी तिथली मुलगी फॉर्म भरून घेत होती. पेसमेकर? नाही. स्क्रू, प्लेट? नाही. ‘आजोबा, अंगात कुठं लोखंड नाही ना?’ मी म्हटलं, ‘असंल थोडं. एकाहत्तरचं.’ ती हसली. म्हातारा मस्करी करतोय असं वाटलं असणार. मग हसायची थांबली आणि आतून डॉक्टरांना घेऊन आली. एमआरआय राहिला बाजूला, आधी मांडीचा एक्सरे काढला. डाव्या मांडीत, हाडापासून जरा अलीकडे, हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा.

नात इंजिनिअरिंगला आहे. तिनं एक्सरे खिडकीला धरून बघितला आणि म्हणाली, ‘आबा, मग याचं मेडल कुठंय?’ मला काही सांगता आलं नाही.

त्याचं असं झालं. डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध, शकरगडचा भाग. बसंतर नदीच्या अलीकडे आमची गन पोझिशन होती. तोफ २५ पाउंडर, मी दारूगोळा देण्याच्या कामावर. १६ तारखेच्या पहाटे पलीकडून गोळे आमच्यावर यायला लागले. एक बराच जवळ पडला. मला आधी वाटलं पँटीवर चहा सांडला. गरम लागलं म्हणून हात लावला, तर हात चिकट. आमच्या नंबर वननं, म्हणजे तोफेच्या म्होरक्यानं, माझ्याच खिशातली फील्ड ड्रेसिंग काढून बांधली. उजाडल्यावर आरएपीत, म्हणजे युनिटच्या पहिल्या उपचाराच्या ठिकाणी, गेलो. आरएमओसाहेबांनी, म्हणजे युनिटच्या डॉक्टरांनी, दोन तुकडे काढले, इंजेक्शन दिलं आणि मागे एडीएसला, म्हणजे मागच्या ड्रेसिंग स्टेशनला, जा म्हणाले. पण गनवर सहापैकी चारच माणसं उरली होती. मी परत आलो. १७ ला रात्री आठला फायरबंदी झाली. आठ-दहा दिवस लंगडलो. कुणी लिहून घेतलं नाही, मीही म्हटलं नाही.

आमच्या भागात एक गृहस्थ फौजींची कामं करून देतात. ते म्हणाले, मेडल तर देतोच, शिवाय वॉर इंज्युरी पेन्शन लावून देतो, पंधरा हजार लागतील. प्रतिज्ञापत्र टाईप करूनच आणलं. त्यात मी ‘तीन आठवडे मिलिटरी हॉस्पिटलात दाखल’ होतो असं लिहिलंय. मी म्हटलं, मी एक दिवससुद्धा दाखल नव्हतो. ते म्हणाले, एवढं लिहावंच लागतं. सही करू का?

माझ्याकडे पश्चिमी स्टार आहे, संग्राम मेडल आहे, डिस्चार्ज बुक आहे. थोरल्या भावाला तेव्हा लिहिलेलं एक पत्र वहिनीनं रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, ते आहे. त्यात फक्त दोन ओळी आहेत, आणि मी त्यात दुखणं कमीच करून लिहिलंय. नंबर वन वारले. आमच्या बॅटरीतला, म्हणजे तोफांच्या तुकडीतला, एक जण खंडाळा तालुक्यात आहे, त्याला सगळं आठवतं. पैशाचा प्रश्न नाही. १५ ऑगस्टला सोसायटीत झेंड्याला मेडलं लावून उभा राहतो, त्यात ते एक असावं असं वाटतं. इतक्या वर्षांनी मागणं बरं दिसतं का, तेही सांगा. सोबत डिस्चार्ज बुकाची आणि पत्राची झेरॉक्स जोडली आहे.

— एक निवृत्त हवालदार, धनकवडी, पुणे

उत्तर

हवालदारसाहेब, जय हिंद.

सही करू नका. बाकीचं सावकाश सांगतो, पण हे अंक हातात पडल्या पडल्या वाचा. त्या गृहस्थांना पंधरा हजारच काय, चहाचेही पैसे देऊ नका.

तीन आठवडे दाखल होतो असं लिहिलंत, की तपासणारा पहिला प्रश्न विचारणार: कुठल्या हॉस्पिटलात? प्रत्येक मिलिटरी हॉस्पिटलात, फील्ड ॲम्ब्युलन्सलासुद्धा, ॲडमिशन-डिस्चार्जचं रजिस्टर असतं. आम्ही त्याला ए अँड डी बुक म्हणायचो. त्यात तुमचं नाव नाही, कारण तुम्ही गेलाच नव्हता. म्हणजे तुमच्या हकिगतीत एकच खोटी गोष्ट असेल आणि नेमकी तीच तपासता येण्यासारखी असेल. ती खोटी निघाली की मांडीतला खरा तुकडाही खोटा ठरतो. शिवाय खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे आणि सही तुमची असणार, त्या गृहस्थांची नव्हे.

आणि खोटं लिहायची गरजच नाही हो! वुंड मेडल, ज्याला पराक्रम पदक असंही म्हणतात, ते शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत झालेल्या जखमेसाठी आहे. किती दिवस खाटेवर होता, यासाठी नाही. शत्रूचा गोळा, त्याचा तुकडा, तुमची मांडी. जखम मोठी दाखवायची नाहीये. तारीख पक्की दाखवायची आहे. तुमच्या प्रकरणात अडचण आहे ती इथे, कारण तुम्ही एडीएसला न जाता गनवर परत गेलात. मागे गेला असता, तर बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतला जखमी, म्हणून सिग्नल गेला असता, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटची अधिकृत नोंद, निघाली असती, तुमच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रकावर, एक ओळ चढली असती आणि मेडल आपोआप मागून आलं असतं. जो मागे गेला त्याचा कागद झाला. जो तोफेवर परत गेला त्याचा झाला नाही. यात कुणाची लबाडी नाही. पद्धतच तशी होती.

इथे एक कबुली देतो. रेकॉर्ड ऑफिसात मी अशा अर्जांना उत्तरं टाईप केली आहेत. तीन ओळींची असायची. आपला अर्ज मिळाला, आपल्या सेवा-अभिलेखात जखमेची नोंद आढळत नाही, सबब विनंती मान्य करता येत नाही. खाली साहेबांची सही. महिन्याला दोन-तीन तरी असायची. उत्तर चुकीचं नव्हतं, नोंद खरंच नसायची. पण अर्जातही काही नसायचं. चार पानं भरून देशभक्ती असायची, ‘मी रक्त सांडलं’ असायचं, आणि तारीख, जागा, बॅटरी, बांधणाऱ्याचं नाव यांतलं काही नसायचं. कोणी थेट राष्ट्रपतींना लिहायचं. तेही पत्र फिरत फिरत आमच्याच टेबलावर यायचं, फक्त जाड होऊन. क्लार्कला शोधायला धागा लागतो. तो दिला नाही तर क्लार्क शोधत नाही. मीही शोधला नाही.

म्हणून तुमच्या दोन्ही झेरॉक्स या वेळी मी भिंग घेऊन वाचल्या.

डिस्चार्ज बुकात ओळखीच्या खुणांचा रकाना बघा. तुम्ही बहुधा ते पान १९८७ नंतर पुन्हा उघडलं नसेल. तिथे दोन खुणा आहेत. पहिली, उजव्या गालावर तीळ. दुसरी फिकट झाली आहे, पण वाचता येते: ‘ओल्ड स्कार लेफ्ट थाय’. डाव्या मांडीवर जुना व्रण. कुणा क्लार्कनं तुम्हाला समोर उभं करून, बघून लिहिलंय. आता तुमचा भरतीच्या वेळचा फॉर्म मिळवायचा. त्यातही खुणांचा रकाना असतो. तिथे मांडीचा व्रण नसेल, तर तो भरती आणि डिस्चार्जच्या मध्ये, फौजेत असताना आला हे फौजेच्याच दोन कागदांवरून सिद्ध होतं. पुढे तारीख आवळत न्यायची.

तारीख आवळतं ते तुमचं पत्र. तुम्ही त्याला ‘फक्त दोन ओळी’ म्हणता. मला विचाराल तर सगळ्या फाईलमध्ये याच्याएवढा मोलाचा कागद नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात युनिट आणि ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं डाकघर. वर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, त्यातली तारीख झेरॉक्समध्येही दिसते, २१ डिसेंबर ७१. आणि आत: ‘पायाला जरा लागलं आहे, काळजीचं कारण नाही. आईला सांगू नको.’ दुखणं कमी करून लिहिलं म्हणून तुम्हाला ते कुचकामी वाटतं. उलट आहे. ज्याला पुढे मेडल मागायचं आहे तो असं लिहीत नाही. आईपासून लपवायचं आहे तोच असं लिहितो. तपासणारा अधिकारी फौजी असेल तर त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही, त्यानंही कधीतरी घरी असंच लिहिलेलं असणार.

एक्सरेबद्दल. रिपोर्टमध्ये ‘मेटॅलिक फॉरेन बॉडी’, तिचं माप आणि नेमकी जागा लिहून घ्या. मग तोच एक्सरे घेऊन ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून सर्जनकडे रेफर व्हा आणि बाहेरचा व्रण व आतला तुकडा एका रेषेत येतात का, एवढं त्यांच्याकडून लिहून मागा. एक्सरे ‘लोखंड आहे’ म्हणतो, ‘कुणाचं’ आणि ‘कधीचं’ ते म्हणत नाही. म्हणून नुसता एक्सरे जोडून अर्ज करू नका. आणि कुणी पुरावा म्हणून तुकडा काढून घ्या म्हणालं, तर हात जोडा. ५० वर्षांहून जास्त काळ शांत बसलाय, त्याला बसू द्या. एमआरआयचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

खंडाळ्याचे तुमचे मित्र. त्यांचं प्रतिज्ञापत्र हवंच, पण त्यांच्या शब्दांत. त्या टाईप केलेल्या मसुद्यात नाही. त्यांचा आर्मी नंबर, ते त्या दिवशी त्याच बॅटरीत होते हे दाखवणारा त्यांच्या स्वतःच्या डिस्चार्ज बुकाचा कागद, आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. पट्टी बांधताना पाहिलं असेल तर तसं. नुसतं लंगडताना पाहिलं असेल तर तेवढंच. त्यांनी ‘नक्की तारीख आठवत नाही, फायरबंदीच्या आदल्या दिवशी’ असं म्हटलं तर तसंच राहू द्या. तारखा घोटून पाठ केलेल्या साक्षीपेक्षा ती जास्त खरी वाटते.

एक सांगू? तुम्ही पुण्यात राहता याचा फायदा घ्या. इथे साळुंके विहार, वानवडी, कोंढवा या पट्ट्यात जेवढे निवृत्त अधिकारी सापडतील तेवढे फार थोड्या गावांत सापडतील. तुमच्या रेजिमेंटचा वार्षिक मेळावा किंवा व्हॉट्सॲपचा ग्रुप असेल, तर तेव्हाचे बॅटरी कमांडर किंवा गन पोझिशन ऑफिसर हयात आहेत का, विचारा. ते तेव्हा पंचविशी-तिशीत असतील. त्यांच्या सहीच्या चार ओळी आल्या तर मित्राच्या साक्षीला वजन येतं. आरएमओसाहेब सापडले तर मग काही बोलायलाच नको.

आता आरटीआय. फौज माहिती अधिकाराच्या कायद्याबाहेर आहे असा समज आहे, तो चुकीचा. तुमच्या रेकॉर्ड ऑफिसच्या केंद्रीय जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज आणि १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. मागायचं ते असं: भरतीचा फॉर्म, शीट रोल, १ डिसेंबर १९७१ ते ३१ मार्च १९७२ मधल्या तुमच्या नावाच्या सगळ्या पार्ट टू ऑर्डरी, आणि डिस्चार्जच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद. शेवटी एक वाक्य जरूर घाला: यांपैकी काही नष्ट केलं असल्यास कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या तारखेला, ते कळवावं. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात. तुम्ही पेन्शनर आहात, म्हणून आशा आहे. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्याला फी नाही. त्याच अर्जात युनिटच्या वॉर डायरीतलं १६ डिसेंबरचं पानही मागून ठेवा. लढाईत प्रत्येक युनिट ती लिहितं. जखमींचा नुसता आकडा मिळाला तरी उपयोग आहे.

हे हातात आलं, की मगच मेडलचा अर्ज. एक पान, ओआयसी रेकॉर्ड्स, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसचे प्रमुख, यांच्या नावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून त्यांच्या पत्रासह पाठवा, म्हणजे आवक-जावकला दोन ठिकाणी नोंद होते. हिंदीत किंवा इंग्रजीत कुणाकडून तरी करून घ्या, पण आशय एवढाच ठेवा:

‘१६ डिसेंबर १९७१ रोजी पहाटे, बसंतर नदीजवळच्या गन पोझिशनवर शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात माझ्या डाव्या मांडीत स्प्लिंटर लागले. आमच्या आरएपीत दोन तुकडे काढण्यात आले. मला एडीएसला जाण्यास सांगितले होते, परंतु गनवर माणसे कमी असल्याने मी परतलो. त्यामुळे माझी बॅटल कॅज्युअल्टी म्हणून नोंद झाली नाही. एक तुकडा अद्याप शरीरात आहे. सोबतच्या कागदांचा विचार करून ही नोंद घ्यावी व वुंड मेडल मंजूर करावे.’

‘एडीएसला गेलो नाही’ हे वाक्य लपवू नका. नोंद का नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

वॉर इंज्युरी पेन्शनचं भूत डोक्यातून काढा, निदान आत्तापुरतं. तो वेगळा रस्ता आहे. तिथे मेडिकल बोर्डानं ठरवलेलं किमान २० टक्के अपंगत्व लागतं, आणि इतक्या उशिरा दावा मान्य झाला तरी थकबाकी साधारणपणे दावा केल्याच्या आधीच्या ३ वर्षांचीच मिळते. तुमचा गुडघा त्या तुकड्यामुळे धरलाय की वयामुळे, यावर बोर्ड आधी वाद घालेल. पैसे नकोत असं तुम्हीच लिहिलंय. दोन्ही मागण्या एका अर्जात घातल्या, की मेडलची सरळ मागणीही पैशाची वाटायला लागते. त्या गृहस्थांना हे कळत नाही असं नाही. त्यांची टक्केवारी पेन्शनमध्ये आहे, मेडलमध्ये नाही.

मिळेलच का? गेल्या वर्षी फुरसुंगीच्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. पती १९८७ साली श्रीलंकेत जखमी झालेले, आता हयात नाहीत. त्यांची पार्ट टू ऑर्डर फाईलमध्ये जशीच्या तशी होती, मेडल फक्त कुणी मागितलंच नव्हतं. वारस म्हणून त्यांनी मागितलं, आठ महिन्यांत आलं. तुमचं तसं नाही. तुमच्याकडे मूळ नोंद नाही, तिच्याभोवतीचे कागद आहेत. मी क्लार्कच्या खुर्चीत असतो तर ही फाईल तीन ओळींत परत पाठवली नसती, साहेबांपुढे ठेवली असती. पुढचं साहेबांवर. नकार आलाच, तर कारणांसह लेखी मागा. त्यावर सहा महिन्यांच्या आत सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं. पण त्या वाटेला लागण्याआधी मुलाशी बोला. तारखांना मुंबई गाठणं ७५ व्या वर्षी सोपं नाही.

एक मात्र करू नका. कॅम्पात मिलिटरी टेलरांकडे सगळी मेडलं विकत मिळतात, पांढऱ्या फितीवर मधोमध लाल पट्टा असलेलं हेही मिळतं. हरवलेल्या मेडलाच्या बदल्यात घेणं वेगळं. मंजुरीआधी १५ ऑगस्टला लावून उभे राहू नका, नातीनं आग्रह केला तरी. मंजूर झालं की ते पश्चिमी स्टारच्या आधी लागतं, मागून नाही. टेलरला सांगावं लागेल.

मागणं बरं दिसतं का, असं विचारलंत. पुण्यातल्या फौजीला लहान जखमेची लाज वाटते, ती मला कळते. इथे आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे. १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट खडकीला आहे, कमरेखाली अधू झालेल्या जवानांचं पॅराप्लेजिक सेंटर आहे. चाकाच्या खुर्चीतली माणसं रोज दिसतात, त्यांच्यापुढे आपण डाळीएवढ्या तुकड्याचं काय बोलायचं, असं वाटतं. पण ज्यांच्याकडे बघून तुम्ही गप्प बसलात ते सगळे गप्प बसले नव्हते. मुरलीकांत पेटकर ईएमईचे, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती दलाचे, जवान, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. अर्जुन पुरस्कार त्यांनी १९८० च्या दशकातच मागितला होता, तेव्हा नाही मिळाला. पद्मश्री २०१८ ला मिळाली, अर्जुन २०२५ ला. त्यांनी मागितलं म्हणून मला तरी ते कधी लहान वाटले नाहीत.

आरटीआयचं उत्तर आलं की मला झेरॉक्स पाठवा, अर्जाचं इंग्रजी मी बघून देईन. ५६ एपीओचं मूळ पत्र मात्र कुणालाच देऊ नका. मलाही नको, रेकॉर्ड ऑफिसलाही नको. साक्षांकित प्रत पुरते. रेशनकार्डाच्या पिशवीतून काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, घडीवर फाटत आलंय.